रोशाचं तेल आणि चांदभाऊंचं तळं

शिरपूरहून उत्तरेला निघालं की सातपुडा हळूहळू जवळ येतो. त्या रस्त्यावर डाव्या हाताला एक मातीचं शेततळं लागतं. काठावर पत्र्याची शेड, शेडमध्ये तांब्याची एक जुनी डेग, आणि डेगेला पाठ टेकून बसलेले चांदभाऊ. सकाळी आठ ते अकरा ते तिथे दिसले नाहीत तर समजावं, घरी कुणी आजारी आहे किंवा शिरपुरात कुणाचं तरी लग्न आहे.

त्यांची मुलगी अरिबा तीन वर्षं माझ्या वर्गात होती. तपासायला आलेल्या चाळीस वह्यांच्या गठ्ठ्यातून तिची वही मला डोळे मिटून काढता यायची. तिच्या पानांना गुलाबासारखा, पण गुलाबापेक्षा जरा तिखट वास असायचा. तो रोशाचा वास. रोशा म्हणजे डोंगरउतारावर वाढणारं उंच गवत. कुणी त्याला तिखाडी म्हणतात. पावसाळा सरताना त्याला फुलोरा येतो. तेव्हा ते कापायचं, डेगेत पाण्याबरोबर उकळायचं आणि निघणारी वाफ थंड करायची. पाण्यावर जी पिवळसर साय धरते तेच रोशाचं तेल. चांदभाऊंच्या आजोबांपासून घरात हा धंदा. डोंगरातले पावरा लोक गवताचे भारे आणत, इथे भट्टी पेटे, आणि तेल अत्तरवाल्यांकडे, साबणवाल्यांकडे जाई.

चांदभाऊंचं नाक नावाजलेलं होतं. शिरपूरचे व्यापारी लालचंद शेठ बाहेरून तेल मागवत, ते आधी चांदभाऊंकडे पाठवत. चांदभाऊ बूच उघडून एकदाच हुंगत आणि सांगत, “यात रॉकेल आहे,” किंवा “हे उशिरा कापलेल्या गवताचं.” त्यांच्या वडिलांनी त्यांना एक रीत शिकवली होती. तेल हाताच्या पाठीवर लावून हात लांब करायचा. दुसऱ्याने तीन पावलं मागे उभं राहायचं. तिथे वास पोचला तर तेल चांगलं. ही रीत त्यांनी चाळीस वर्षं पाळली.

मग गवत कमी झालं, गिऱ्हाईक कमी झालं आणि भट्टी बंद पडली. मुलं कामाला लागली होती, घरात अडचण काही नव्हती. पण चांदभाऊंना सकाळी उठून जायला जागा उरली नाही. खातूनबी, त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या होत्या, “गुरुजी, इनको कुछ काम बताओ. दिनभर मेरे मसाले के डब्बे सूंघते फिरते.”

काम दिलं ते कुंदाबाईंनी. कुंदाबाई थाळनेरच्या, तापीकाठच्या भोई. नवरा गेल्यावर शिरपूरच्या बाजारात मासळी विकायच्या. चांदभाऊंच्या जमिनीवर तळं खोदलेलं होतं, शेतीला पाणी मिळावं म्हणून. कुंदाबाईंनी ते पाहिलं आणि सरळ विचारलं, “चांदभाऊ, एवढं पानी नि त्यात नुसता बेडूक? त्यात रोहू सोडा. तळं तुम्हनं, मेहनत मनी.” भागी ठरली. रोहू, कटला, मृगळ यांची बोटभर पिल्लं जुलैत सोडायची, होळीच्या आधी जाळं ओढायचं. चांदभाऊंना पोहता येत नाही, मासळी बाजारातला भाव कळत नाही आणि मासा हातात धरला की तो निसटतो. पण खाद्य टाकण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. सकाळी आठच्या ठोक्याला ते काठावर उभे राहत आणि “या रे बाबांनो” म्हणत गोळ्या फेकत. ते तरंगतं खाद्य खायला मासे वर येत तेव्हा पाणी खदखदल्यासारखं दिसे.

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी थंडी पडली आणि माशांच्या अंगावर लाल ठिपके दिसले. ठिपक्यांचे व्रण झाले आणि मासे कडेला येऊन मरू लागले. निम्मे गेले. तिसऱ्या वर्षी निम्म्याहून जास्त. कुणाच्या तरी सांगण्यावरून एक लाल पावडर आणून पाण्यात टाकली. पाणी तेवढं लाल झालं. मेलेले मासे पुरायला खड्डा खणताना कुंदाबाई म्हणाल्या, “ती दवाईबी त्यासना संगे पुरी द्या.”

चौथ्या वर्षी ऑक्टोबरात त्यांनी सांगून टाकलं. त्यांची लेक दीपनगरच्या वसाहतीत राहते, जावई वीज केंद्रात कामाला आहे. आईने आपल्याकडे यावं म्हणून लेक दर फोनला रडायची. कुंदाबाई म्हणाल्या, “भाऊ, यंदा मासा मरनात ते मी पोरगीकडे चालनी जासू. मेलेला मासा उचलायचा मले कंटाळा ऊना.”

पण कुंदाबाई गेल्या तर तळं गेलं, आणि तळं गेलं तर आठ वाजता जायची जागा गेली, हे चांदभाऊंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच महिन्यात धुळ्याला मत्स्यपालनाचं एक दिवसाचं शिबिर होतं. दोघं गेले. तिथे जीवराम पावरा नावाचे अधिकारी बोलायला उभे राहिले. शिरपूरच्या वरच्या पाड्यातलेच. त्यांचे आजोबा चांदभाऊंच्या वडिलांच्या भट्टीला गवत पुरवायचे. जीवराम म्हणाले, “आजार झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा मासा आधीच काटक ठेवा. तळ्यात गर्दी करू नका. थंडीआधी चुना टाका. काही ठिकाणी खाद्यात ओवा, लवंग, गवती चहा असल्या वनस्पतींची तेलं मिसळून पाहिलीत, त्याचेही बरे निकाल आलेत.”

मागच्या रांगेतून चांदभाऊ उभे राहिले. “साहेब, रोशा चालेल का?”

सभागृहातले अर्धे लोक हसले. जीवराम हसले नाहीत. “गवती चहाच्या नात्यातलंच गवत आहे ते. पण रोशाचं मी स्वतः पाहिलेलं नाही, खात्री देणार नाही. पाहायचं असेल तर थोडं करून पाहा. किलोभर खाद्याला एक मिलिलिटर, त्याहून जास्त नको.”

“एक मिली म्हणजे किती?”

“औषधाच्या ड्रॉपरने पंचवीस-तीस थेंब.”

“पंचवीस थेंब!” चांदभाऊ शेजारच्याला म्हणाले, “एवढं तर आमच्या भट्टीत जमिनीवर सांडायचं.”

आठ दिवसांत तळ्यात चुना पडला आणि डेग घासून लख्ख झाली. पाड्यावरून चार भारे गवत आलं. दहा वर्षांनी भट्टी पेटली, त्या दिवशी चांदभाऊंनी नवा सदरा घातला होता. खातूनबींनी रस्त्यावरूनच नाकाला पदर लावला. “लो, फिर शुरू हुआ इनका.” पण त्यांनी डबा मात्र तिघांचा आणला होता आणि त्यात शेवभाजी होती.

चांदभाऊंनी ताडपत्रीवर खाद्याच्या गोळ्या पसरल्या. रोशाचं तेल पाण्यात मिसळत नाही. म्हणून थोड्या शेंगदाणा तेलात कालवून त्यांनी ते गोळ्यांवर शिंपडलं. किलोला पंचवीस थेंब, मोजून. मग ते तीन पावलं मागे गेले. वास येईना. त्यांनी आणखी पंचवीस थेंब टाकले. वास येईना. मग ड्रॉपर बाजूला ठेवून त्यांनी बाटलीच्या बुचाने घातलं. एक बूच, दोन बुचं, तीन. शेवटी तीन पावलांवर अगदी पुसटसा वास आला, तेव्हा ते समाधानाने म्हणाले, “आता बरोबर.”

दुसऱ्या दिवशी आठ वाजता गोळ्या पाण्यावर पडल्या. एक कटला वर आला, त्याने तोंड उघडलं, गोळी घेतली आणि पुढच्याच क्षणी बाहेर टाकली.

“भाऊ, मासा थुंकना!” कुंदाबाई ओरडल्या.

“लाड झालेत त्यांचे. भूक लागली की खातील.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी मासे वर आले आणि परत गेले. तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत. गोळ्या वाऱ्याने एका कोपऱ्यात जमत आणि फुगून विरघळत. कुंदाबाई दुपारी चांदभाऊ गेल्यावर गुपचूप दोन ओंजळी साधी पेंड टाकायच्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण दोन ओंजळींनी दीड हजार माशांचं काय होणार? थंडी तोंडावर आली होती आणि मासे उपाशी होते. आजार यायच्या आधीच ते खंगणार होते.

शेजारच्या शेतातले कौतिक आबा रोज बांधावर येऊन मजा बघत. त्यांचंही एक तळं आहे. “काय चांदभाऊ, रोहूना निकाह शे का? आख्ख्या शिवारात अत्तर शिंपडी ठेवं!”

सहाव्या दिवशी कुंदाबाई काळीपिवळीतून उतरल्या त्या तरातरा शेडकडे आल्या. “भाऊ, आज ड्रायव्हर विचारस, आठे अगरबत्तीना कारखाना ऊना का? गाडीना काच बंद व्हता तरी. तुम्हले वास येस नही का?”

“कुठे येतो? जेमतेम तीन पावलांवर येतो.”

कुंदाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बारा महिने बाजारात बसणाऱ्या बाईला माणसाच्या चेहऱ्यावरून खरं-खोटं कळतं; चांदभाऊ खोटं बोलत नव्हते. तेवढ्यात खातूनबी डबा घेऊन आल्या. कुंदाबाईंनी डब्याच्या तीन वाट्या धुऊन घेतल्या, चांदभाऊंच्याच रुमालाने त्यांचे डोळे बांधले आणि एकेक वाटी नाकाशी धरली.

पहिली वाटी. “यात काही नाही,” चांदभाऊ म्हणाले. त्या वाटीत जीवरामांनी सांगितलेल्या प्रमाणातलं खाद्य होतं. कुंदाबाईंना त्याचा वास हातभर लांबून येत होता.

दुसरी वाटी. “यातही नाही. उगाच थट्टा नको.” त्यात बुचाने तेल घातलेल्या गोळ्या होत्या.

तिसरी वाटी. चांदभाऊंनी मान पुढे केली, दोनदा हुंगलं, चेहरा खुलला. “हां, यात आहे. हलका आहे, पण आहे.”

त्या वाटीत गोळ्या नव्हत्याच. नुसतं तेल होतं, बाटलीतून ओतलेलं.

खातूनबी खळखळून हसल्या. “मैं बीस साल से बोल रही, घर में रोशे का बास मारता. ये बोलते, कहाँ?” मग चांदभाऊंनी रुमाल सोडून वाटीत पाहिलं आणि त्या हसायच्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता काठावर कुणी नव्हतं. मी सहज घरी गेलो, तर चांदभाऊ स्वयंपाकघरात पाटावर बसलेले. समोर हिंग, जिरं, साबणाची वडी, कापूर, कांदा. एकेक उचलून हुंगत होते. “सगळ्यांचा वास येतो गुरुजी,” ते म्हणाले. “तुमच्या सदऱ्याला नीळ आहे, तिचासुद्धा येतो. एका त्याचाच येत नाही.” चाळीस वर्षं एकाच वासात राहिलेल्या नाकाने तो वास सोडून दिला होता, आणि नाकाने ते मालकाला कळवलं नव्हतं. खातूनबींनी तेव्हा फार चांगली गोष्ट केली. त्यांनी चहा ठेवला आणि त्यात आलं जास्त घातलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते तळ्यावर आले आणि ड्रॉपर कुंदाबाईंच्या हातात ठेवला.

“तू मोज. मी तेल काढीन.”

“नि मी चुकले तर?”

“तर तुझ्या नाकाला नावं ठेवीन. इतके दिवस तू माझ्या नाकाला ठेवलीस.”

तेल घालून ठेवलेलं जास्तीचं खाद्य फेकून द्यायला निघालेल्या कुंदाबाईंना चांदभाऊंनी अडवलं. भट्टीवाल्याला जे ठाऊक असतं ते पुस्तकवाल्यालाही पटकन सुचत नाही. “रोशा उडतो. चार दिवस उन्हात पसर, निम्मा जाईल. मग साध्या खाद्यात कालवू.” आणि तसंच झालं. त्यावरूनच त्यांनी पुढचा नियम घातला: तेल लावलेलं खाद्य उन्हात वाळवायचं नाही, सावलीत वाळवायचं, पत्र्याच्या घट्ट डब्यात भरायचं, आणि एका वेळी तीन दिवसांपुरतंच करायचं, नाहीतर माशाच्या तोंडी लागेपर्यंत तेल हवेत गेलेलं असतं. कुंदाबाई थेंब मोजायच्या आणि चांदभाऊ डब्याचं झाकण तपासायचे. नवं खाद्य सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या पाण्यावर पडल्या, कटला आला, तोंड उघडलं आणि मिटलं. मग दुसरा आला. पाणी पुन्हा खदखदू लागलं. कुंदाबाई म्हणाल्या, “खातस! बठ्ठा खातस!” चांदभाऊंनी वर आभाळाकडे पाहिलं आणि आणखी एक मूठ टाकली.

डिसेंबर अखेरीस थंडी कडाक्याची पडली. कौतिक आबांच्या तळ्यात पहिल्याच आठवड्यात लाल ठिपके दिसले. निकाहाची चौकशी करणारे आबा आता सकाळी मफलर गुंडाळून मुकाट्याने बांधावर उभे राहत. चार दिवसांनी चांदभाऊंच्या तळ्यातही कडेला काही मासे दिसले. मोजले, अकरा. अंगावर ठिपके.

चांदभाऊंचा धीर सुटला. “कुंदाबाई, दुप्पट घाल. आज दुप्पट घाल.”

“नही.”

“अगं, मरतील सगळे! तिसऱ्यांदा मरतील!”

कुंदाबाईंनी ड्रॉपर कनवटीला खोचला. पुढे त्या जे बोलल्या ते त्यांनी अगदी सावकाश, लहान मुलाला समजावावं तसं सांगितलं. “भाऊ, तो कडेचा मासा पाहा. तो खातो का? नाही. ज्याने तोंडच मिटलं त्याच्या पोटात तेल जाणार कसं? दुप्पट घातलं तर ते जाईल चांगल्या माशाच्या तोंडात. तो थुंकेल, उपाशी राहील आणि उद्या तोही कडेला येईल. मागच्या वेळी काय झालं ते इसरी गयात का?”

चांदभाऊ काठावर बसले. कुंदाबाई लुगड्याचा काचा मारून त्या बर्फासारख्या पाण्यात कमरेपर्यंत उतरल्या आणि हातजाळ्याने एकेक करून अकराही मासे काढले. ते दूर नेऊन चुन्यासकट पुरले. पाण्यातून बाहेर आल्या तेव्हा दात वाजत होते. चांदभाऊंनी आपली शाल दिली आणि भट्टीत लाकडं घातली. कौतिक आबा बांधावरून हे पाहत होते. ते खाली आले आणि हळूच म्हणाले, “मालेबी ती बाटली देशात का?” कुंदाबाईंनी बाटली दिली, प्रमाण सांगितलं आणि वर बजावलं, “आबा, आजारी मासा आधी काढा. हाई जादू नही.”

जानेवारीभर रोज तेच चाललं. आठ वाजता खाद्य, मग तळ्याला एक फेरी, कडेला मासा दिसला की बाहेर. कधी दोन निघत, कधी एक, कधी काहीच नाही. काही नाही निघालं त्या दिवशी चांदभाऊ मला फोन करून मुद्दाम सांगत, “गुरुजी, आज निरंक.” रथसप्तमीनंतर ऊन चढलं आणि आठवडाभर एकही मासा कडेला आला नाही.

होळीच्या आधी थाळनेरहून कुंदाबाईंचे भाऊ पुना आणि चार नातेवाईक मोठं जाळं घेऊन आले. जाळं एका काठाने सोडून दोन्ही बाजूंनी ओढत आणतात. चांदभाऊ ते पाहायला उभे राहिले नाहीत. शेडमध्ये जाऊन डेग पुसत बसले. बाहेर ओरडा झाला तेव्हा ते दारात आले. जाळ्याचा घेर आवळत आला होता आणि त्यात पाणी कमी, मासे जास्त होते. एका कटल्याने उडी मारून पुनाच्या छातीवर शेपूट हाणली. “हाऊ मासा शे का पहिलवान!” पुना चिखलात बसकण मारून म्हणाला. सगळे हसले, चांदभाऊ सगळ्यांत मोठ्याने.

दीड हजार पिल्लं सोडली होती. मोजदाद झाली ती बाराशे चाळीसवर थांबली. आधीच्या वर्षी सहाशेही नव्हते. कौतिक आबांकडे उशिरा सुरुवात झाली होती. त्यांचे बरेच गेले, पण सगळे गेले नाहीत.

जीवराम साहेब मुद्दाम पाहायला आले होते. चांदभाऊ त्यांच्याभोवती नव्या नवरदेवाच्या बापासारखे वावरत होते. “मग साहेब, रोशाने वाचवले ना?”

जीवराम बोटांवर मोजू लागले. “भाऊ, यंदा पिल्लं किती सोडलीत? दीड हजार. आधी अडीच हजार सोडायचात. ऑक्टोबरात चुना टाकला, तो आधी टाकत नव्हता. आजारी मासा रोज बाहेर काढला. आणि तेल दिलं. चार गोष्टी केल्यात. त्यात तेलाचा वाटा किती, हे मला खरंच सांगता येणार नाही.”

चांदभाऊंचा चेहरा उतरला. जीवरामांनी घाईने पुढे सांगितलं, “पण शोधता येईल. पुढच्या वर्षी तळ्याच्या मधोमध बारीक जाळी लावा. दोन्हीकडे सारखी पिल्लं, सारखा चुना, सारखं खाद्य. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला नाही. थंडी संपली की मोजू.”

तेवढ्यात कुंदाबाईंचा फोन वाजला. दीपनगरहून लेक विचारत होती, आई, मग कधी येतेस? कुंदाबाईंनी हातातला किलोभराचा रोहू पाटीत टाकला आणि म्हणाल्या, “मी कधी येऊ? पुढच्या वर्षी तळ्याचे दोन भाग करायचेत. तूच ये होळीला, मासा घेऊन जाय.” फोन ठेवला आणि जीवरामांकडे वळल्या. “साहेब, तेलनी बाजू मनी. आतेच लिखी ल्या.”

“तुझी का?” चांदभाऊ उसळले. “तेल कोण काढतं?”

“थेंब कोण मोजस?”

दोघांपैकी कुणालाही साधी बाजू नको होती. शेवटी जीवरामांनी नाणं उडवलं आणि साधी बाजू चांदभाऊंच्या वाट्याला आली. महिनाभर ते त्यावरून कुरकुरले. पण जुलैत पिल्लं आली तेव्हा आपल्या बाजूची त्यांनी स्वतः मोजून सोडली.

आता रोज आठ वाजता ते एका काठावर असतात आणि कुंदाबाई दुसऱ्या काठावर. परवा मी गेलो होतो तेव्हा थंडी पडायला लागली होती. मी विचारलं, “चांदभाऊ, खरं सांगा. कुठल्या बाजूचे मासे जगावेत असं वाटतं?”

त्यांनी मूठ उघडून गोळ्या पाण्यावर सोडल्या. मासे वर आले. “काय विचारता गुरुजी,” ते म्हणाले. “दोन्ही.”

पलीकडून कुंदाबाईंचा आवाज आला, “भाऊ, तुमना मासा मना माशापेक्षा जाडा दिखी राह्यनात. चोरीन काय खावाडतस?”

“काही नाही गं!” चांदभाऊ ओरडले, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “खरंच काही नाही देत. पण तिला वाटू दे.”